वैनगंगेच्या नावा कुठे जात होत्या?

कोंढ्यातून नदी दिसत नाही. भंडारा-पवनी रस्त्यावरचे आमचे हे गाव धानाच्या बांध्यांमध्ये वसलेले. वैनगंगा गावाला लागून नाही, पण फार दूरही नाही. लहानपणी नदी म्हणजे कार्तिकातली अंघोळ, पवनीचे घाट आणि डोंग्यातून पलीकडे जाणारी माणसे एवढेच माहीत होते. पुढे तीसेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला. बाबराची स्वारी शिकवली, फ्रान्सची राज्यक्रांती शिकवली. वैनगंगेचा इतिहास मात्र एकाही धड्यात आला नाही आणि मलाही तो शोधावासा वाटला नाही. तो शोधायला लावला एका जपानी नावाड्याने.

जपान आम्हा पवनी तालुक्यातल्या लोकांना अगदीच परका नाही. रुयाड-सिंदपुरीला जपानी बौद्धांच्या सहकार्याने उभा राहिलेला महास्तूप आहे. त्यामागे ज्यांचे परिश्रम आहेत ते भदंत संघरत्न माणके लहान वयातच जपानला गेले आणि क्योतोजवळच्या हिएई पर्वतावर शिकले. त्यामुळे मुलाच्या नोकरीनिमित्ताने काही वर्षांपूर्वी तिकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा क्योतो हे नाव मला ओळखीचे होते. होझु नदीचे नाव मात्र कधी ऐकले नव्हते.

क्योतोच्या पश्चिमेला डोंगरापलीकडे कामेओका नावाचे गाव आहे. तेथे सपाट बुडाच्या लांबट नावेत बसायचे आणि डोंगराच्या घळीतून सोळा किलोमीटर वाहत क्योतोच्या काठावरच्या अराशियामाला उतरायचे. दोन तास लागतात. नावेला इंजिन नाही. एक नावाडी पुढे लांब बांबू घेऊन उभा असतो, एक वल्हे मारतो, एक मागे सुकाणू धरतो. पाणी चढलेले असले तर माणसे वाढवतात. वाटेत खडकांना नावे आहेत. एक बेडकासारखा, एक सिंहाच्या जबड्यासारखा, एक घडीच्या पडद्यासारखा. पाणी संथ झाले की नावाडी गमती सांगतो आणि खळाळ आला की गप्प होतो. शेवटी अराशियामा जवळ आले की दुसरी एक नाव येऊन आपल्या नावेला चिकटते आणि खाण्याचे पदार्थ विकू लागते. हा प्रकार मला आपल्या रेल्वे स्टेशनावरच्या भजीवाल्यासारखा वाटला आणि फार आवडला.

पण माझे लक्ष लागले ते खडकांवरच्या खुणांकडे. काही ठिकाणी खडकात वाटीएवढे खळगे आहेत. बांबू टेकवायची जागा पिढ्यान्‌पिढ्या तीच, म्हणून दगड तेवढाच झिजलेला. दुसऱ्या काही खडकांवर आडव्या खाचा आहेत, आपल्या जुन्या विहिरीच्या काठावर दोराने पडतात तशा. मुलाने विचारून सांगितले की ते दोराचेच वळ आहेत. खाली गेलेली नाव पुन्हा वर आणायची तर नावाडी काठाच्या खडकांवरून चालत तिला दोराने ओढत नेत. उतरायला दोन तास आणि ओढत चढायला चार. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रक आले तेव्हा हे ओढणे थांबले. आता रिकाम्या नावा ट्रकवर चढून रस्त्याने कामेओकाला परत जातात.

मागच्या नावाड्याने मुलामार्फत मला विचारले, "तुमच्या गावाजवळच्या नदीत नावा कुठे जातात?"

मी म्हणालो, "पलीकडे."

तो हसला. त्याला वाटले असावे, म्हातारा विनोद करतोय. मी विनोद केला नव्हता. आमच्या नदीत नाव पलीकडेच जाते. परतीच्या विमानात मात्र तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. वैनगंगेतून नावा कधी लांबवर, नदीच्या धारेने गेल्याच नाहीत काय? एवढी मोठी नदी, आणि तिच्यावरून माल गेला नाही?

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी होझुची गोष्ट नीट सांगितली पाहिजे. ती नदीही मुळात नावांची नव्हती.

क्योतोच्या मागचा तानबा हा डोंगराळ मुलूख. तेथले लाकूड फार जुन्या काळापासून या नदीतून तराफे करून सोडले जाई. इ.स. ७९४ मध्ये क्योतो येथे राजधानी वसली तेव्हा तिच्या वाड्यांना आणि देवळांना लागणारे लाकूड याच वाटेने आले. तराफा खडकावर आपटला तरी लाकडाचे फारसे बिघडत नाही. तांदळाच्या पोत्यांचे तसे नाही. म्हणून लाकूड नदीने येई आणि धान्य डोंगर चढून घोड्या-माणसांच्या पाठीवर.

ही अडचण सोडवली सुमिनोकुरा र्‍योई या क्योतोच्या व्यापाऱ्याने. त्याचा जन्म १५५४ चा. घराणे वैद्यकी आणि सावकारी करणारे. स्वतः तो समुद्रापलीकडे, आजच्या व्हिएतनामपर्यंत जहाजे पाठवणारा. पश्चिमेकडच्या एका नदीवर त्याने सपाट बुडाच्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या नावा पाहिल्या आणि त्याच्या मनात आले की ही नाव तिथे चालते तर कुठेही चालेल. त्याने शोगुनच्या सरकारकडे परवानगी मागितली, खर्च स्वतः केला आणि बदल्यात नदीवर जकात घेण्याचा हक्क मिळवला. १६०६ मध्ये काही महिन्यांतच नदी मोकळी झाली. कामाची रीत समकालीन लेखात नोंदलेली आहे. पाण्याखालच्या खडकांवर मचाण बांधून टोकदार, जड लोखंडी दांडा दोरांनी वर ओढायचा आणि खाली सोडायचा. खडक पाण्याबाहेर असेल तर आगीने फोडायचा. पात्र पसरट आणि उथळ असेल तिथे दोन्ही बाजूंनी दगड रचून पाणी अरुंद करायचे, म्हणजे खोली वाढते. आमच्याकडे बांधीत पाणी वळवणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला यातली शेवटची युक्ती लगेच समजेल.

नावा चालवायची माणसे त्याने त्या पश्चिमेकडच्या नदीवरूनच आणली. मला या सगळ्या हकिगतीत हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. खडक पैशाने फुटतो. पाणी वाचणारे डोळे पैशाने तयार होत नाहीत. ते ज्यांच्याकडे असतात त्यांना बोलवावे लागते. मग तानबाचा तांदूळ, गहू, सरपण आणि कोळसा क्योतोला नदीवाटे जाऊ लागला. याच र्‍योईने नंतर क्योतो शहरातून ताकासे नावाचा कालवाही काढला. या कामांत जी माणसे मेली त्यांच्यासाठी त्याने अराशियामाच्या डोंगरावर देऊळ उभारले. तेथे त्याची लाकडी मूर्ती आहे. हातात दगड फोडायचे हत्यार, बसायला दोराचे वेटोळे. व्यापाऱ्याचा पुतळा तराजूशिवाय मी प्रथमच पाहिला.

१८९९ मध्ये त्याच घळीतून आगगाडी सुरू झाली. मालाची नाव एका पिढीत निकामी होईल हे उघड होते. पण त्याच सुमारास लोक केवळ मौजेसाठी नावेत बसू लागले होते. नात्सुमे सोसेकी यांच्या १९०७ च्या कादंबरीत ही फेरी आलेली आहे. माल गेला, माणूस आला, नावाडी राहिला. पुढे रेल्वेचा तो जुना मार्गही टाकून नवा बोगद्याचा मार्ग काढला गेला आणि जुन्या रुळांवर १९९१ पासून केवळ प्रवाशांच्या हौसेची गाडी धावते. नाव मात्र तिच्याही खालून चाललेलीच आहे.

आता आपल्या नदीकडे येऊ.

वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगवते. सिवनीभोवती मोठे वळण घेऊन बालाघाटवरून ती गोंदिया-भंडाऱ्यात येते. बाघ, बावनथडी, सूर, कन्हान, चुलबंद अशा नद्या घेत ती दक्षिणेला चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून वाहते, वर्धेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. नकाशा पाहिला तर पवनीच्या घाटावरून सोडलेली नाव थेट आंध्रच्या किनाऱ्याला लागायला हवी. नकाशा पाहणाऱ्यांची याच ठिकाणी फसगत झाली. ती हकिगत पुढे येते.

वाकाटकांच्या ताम्रपटांत या नदीकाठच्या प्रदेशाला बेण्णाकट म्हटले आहे. बेण्णा म्हणजेच वैनगंगा हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी दाखवून दिले. पण पवनी वाकाटकांहूनही कितीतरी जुनी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली प्रचंड स्तूप निघाला, त्याच्या कठड्याचे कोरीव दगडी खांब निघाले आणि त्यांवर ब्राह्मी अक्षरे. त्याआधीच पवनीत भार वंशाच्या भगदत्त राजाचा आणि महाक्षत्रप रूपिअम्म याचा, असे दोन शिलालेख सापडलेले होते. गावाभोवतीचा मातीचा जुना तट आणि खंदक अजूनही ओळखू येतो. एवढा तट कोणी उगाच घालत नाही. आत राखण्यासारखे काही होते, आणि एवढे स्तूप उभे करण्याइतका पैसा लोकांच्या हाती होता.

हा पैसा आला कुठून? नुसत्या धानातून नाही. धान पोट भरते, स्तूप बांधत नाही. पश्चिमेला नागपूरजवळ माहुरझरीला मौल्यवान दगडांचे मणी घडत होते. कुही तालुक्यातल्या अडमच्या उत्खननात अस्सक जनपदाची मुद्रा मिळाली आहे. पूर्वेला दक्षिण कोसल, म्हणजे आजचे छत्तीसगड. या दोन मुलखांमध्ये उत्तर-दक्षिण पसरलेली वैनगंगा आडवी पडलेली आहे. पश्चिमेहून पूर्वेला जाणाऱ्याला ती कुठेतरी ओलांडावीच लागणार, आणि पावसाळ्यात ती वाटेल तिथे ओलांडता येत नाही. काठ टणक हवा, उतार बेताचा हवा, धार ओळखीची हवी आणि धार ओळखणारा माणूस तिथे हवा. माझ्या मते पवनीचे मोठेपण या ओलांडण्यात आहे. पवनीला लोक विदर्भाची काशी म्हणतात, कारण तिची देवळे आणि घाट. पण घाट आधी उतरण्यासाठी असतो, अंघोळ नंतर.

म्हणून जपानी नावाड्याला दिलेले माझे उत्तर चुकले नव्हते. होझुचा व्यापार नदीच्या उभ्या धारेने गेला, वैनगंगेचा आडवा. तिथे नाव म्हणजे गाडी होती. इथे नाव म्हणजे पूल.

हा पूल चालवणारे ढिवर. त्यांचे साधन डोंगा, मूळचा एका खोडातून कोरलेला. दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या की बैलगाडीसुद्धा पार होई, असे जुनी माणसे सांगतात. लमाणांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन फिरत. उन्हाळ्यात नदी उतरली की बैल पायीच पार होत. पाणी चढले की त्यांना डोंग्याची गरज लागे. आमच्या भागात मीठ पिकत नाही. समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो कोस. त्यामुळे मिठाचा प्रत्येक खडा या ना त्या नदीच्या उतारावरून आलेला असे. पवनीचे कोष्टी रेशीमकाठी कापड विणत, तेही अशाच वाटांनी बाहेर जाई. नावाड्याचा मोबदला बहुतेक धानात. काठावरच्या गावांनी हंगामाला पायली-दोन पायली धान द्यायचे आणि वर्षभर उतरायचे. प्रवासी परका असेल तरच पैसे.

ही आडवी नदी उभी करण्याचा मोठा प्रयत्न इंग्रजांनी केला. त्याची आठवण आज गडचिरोलीबाहेर फारशी कोणाला नाही.

सर आर्थर कॉटन या इंजिनियराने राजमहेंद्रीखाली धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला. ते काम १८५२ च्या सुमारास पुरे झाले आणि त्रिभुज प्रदेशाचे नशीब पालटले. आंध्रात आजही लोक त्यांना देवासारखे मानतात. कॉटन यांच्या डोक्यात रेल्वेपेक्षा पाण्याची वाट चांगली हा विचार पक्का बसलेला होता. त्यांची योजना अशी: गोदावरी-प्राणहिता-वर्धा-वैनगंगा ही सगळी नदी नावांसाठी मोकळी करायची, वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस पाण्यावरून पूर्व किनाऱ्याला न्यायचा आणि येताना मीठ आणायचे. वाटेत तीन ठिकाणी खडकांचे अडथळे होते. पहिला गोदावरीवर दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ एंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर अहेरीच्या बाजूला देवलमारीला. खडक फोडण्याऐवजी बंधारे घालून, बाजूने कालवे काढून, पाण्याच्या कुलूपदारांनी नावा चढवायच्या-उतरवायच्या असा बेत होता. कॅप्टन हेग यांनी पाहणी केली आणि पुढे काम पाहिले.

काळही अनुकूल होता. १८६० मध्ये निजामाकडून सिरोंच्याचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी नावाचा जिल्हाच झाला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडकडे लागले. चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी योजनेचा जोरदार पुरस्कार केला, तिच्यावर अहवाल लिहिला. जंगलात मजुरांच्या वस्त्या पडल्या. हिवतापाने माणसे मेली. त्यांच्यासाठी कोणी देऊळ बांधले नाही.

पण १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोहोचली. वऱ्हाडचा कापूस काही दिवसांत मुंबई बंदरात जाऊ लागला. वर्षातले काही महिने तरंगणारी नाव तिच्यापुढे कशी टिकणार? १८७१ मध्ये सरकारने काम थांबवले. लाखो रुपये खडकांत गेले. दुम्मागुडेमचा बंधारा तेवढा राहिला, तो अजून आहे.

या अपयशाचे कारण सगळे रेल्वे सांगतात. ते खरेच आहे, पण माझ्या मते पुरेसे नाही. होझुची लांबी सोळा किलोमीटर. एका टोकाला पिकवणारा मुलूख आणि दुसऱ्या टोकाला रोज खाणारे शहर. इकडे शेकडो मैल जंगल, आणि माल ज्यांच्यासाठी न्यायचा ते समुद्रापलीकडे. र्‍योईने आधी चालणारी नाव पाहिली, मग नदी फोडली. कॉटन यांनी आधी नकाशा पाहिला. काठावरच्या लोकांची लांबवर माल नेण्याची गरजच नव्हती. त्यांची गरज होती पलीकडे जाण्याची. तुलना थोडी कठोर आहे हे मला मान्य आहे. कॉटन हे लोककल्याणाची कळकळ असलेले गृहस्थ होते आणि होझुच्या तुलनेत गोदावरी म्हणजे समुद्रच. तरी हा फरक राहतोच.

गंमत अशी की योजना पूर्णपणे मेलेली नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातल्या १११ जलमार्गांची यादी आहे आणि त्या यादीत वैनगंगा-प्राणहिता आहे. नकाशा पाहणारे अजून आहेत.

इंग्रजांनी उभ्या वाटेचे काम सोडले, पण आडव्या वाटेवर हात ठेवला. त्याबद्दल कोणी लिहीत नाही. १८७८ मध्ये नॉर्दर्न इंडिया फेरीज अ‍ॅक्ट झाला आणि तो मध्य प्रांतालाही लागू होता. सरकारने एखादा उतार सार्वजनिक म्हणून जाहीर केला की तिथली उतराई घेण्याचा हक्क सरकारचा. तो हक्क लिलावाने ठेक्याला देता येई. अशा उताराच्या दोन मैलांच्या आत दुसऱ्या कोणाला परवानगीशिवाय नाव चालवता येत नसे. कागदावर हे सगळे व्यवस्थेसाठी. प्रत्यक्षात अर्थ असा की पिढ्यान्‌पिढ्या ज्याने धार ओळखली तो ठेकेदाराचा मजूर झाला. र्‍योईनेही जकात घेतलीच होती, हे खरे. पण त्याने नदी स्वतः फोडली होती. इथे ठेकेदाराने फक्त बोली लावली.

'घाटाचा लिलाव' हे शब्द आमच्या जिल्ह्यात आजही रोज वर्तमानपत्रात असतात. अर्थ तेवढा बदलला आहे. आता लिलाव होतो तो वाळूचा.

पुढची हकिगत झपाट्याने सांगता येईल. १८८० नंतर नागपूर-छत्तीसगड रेल्वे पूर्वेकडे गेली, तिने भंडाऱ्याजवळ वैनगंगा पुलावरून ओलांडली आणि छत्तीसगडकडचा माल डोंग्यातून उतरला तो कायमचाच. विसाव्या शतकात रस्त्यांचे पूल झाले. जिथे पूल नव्हता तिथे डोंगा चालू राहिला. शाळकरी मुले, बाजारला जाणाऱ्या बाया, लग्नाची वऱ्हाडे त्यातून जात राहिली. पुरात डोंगे उलटल्याच्या बातम्याही येत राहिल्या. अंभोऱ्याला, जिथे कन्हान आणि इतर नद्या वैनगंगेला भेटतात आणि जिथे मुकुंदराजांनी शके १११० मध्ये विवेकसिंधु लिहिला असे परंपरा सांगते, तिथे २०२४ मध्ये केबलवर तोललेला मोठा पूल खुला झाला. लोक तो पाहायला गाड्या करून जातात. मीही गेलो. पूल सुंदर आहे. खाली पाणी एवढे विस्तीर्ण आहे की संगम कुठे ते सांगावे लागते.

ते पाणी गोसीखुर्दचे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्या धरणाची पायाभरणी झाली. इंदिरासागर हे त्याचे अधिकृत नाव, पण आमच्याकडे ते कोणी घेत नाही. तेहतीस दरवाजे, अकरा किलोमीटरहून लांब भिंत, अडीच लाख हेक्टरच्या आसपास सिंचनाचा अंदाज. गावे उठली, मोबदल्याची भांडणे एका पिढीहून जास्त चालली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून या जलाशयात येते, हाही त्या पाण्याच्या इतिहासाचाच भाग. धरणाने नदीचे एक मोठे काम केले जे कॉटन यांना जमले नव्हते: पाणी बारमाही खोल केले. आता त्यावर नाव वर्षभर चालू शकते. राज्य शासनाने जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे. बोटी येत आहेत, धक्के होत आहेत.

म्हणजे चारशे वर्षांपूर्वी होझुवर मालासाठी जे झाले आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मौजेसाठी जे झाले, ते दोन्ही आमच्याकडे एकदम मौजेपासून सुरू होत आहे. मला याचे वावडे नाही. लोक फिरायला आले तर चार पैसे गावात राहतील. माझा प्रश्न फक्त नावाड्याचा आहे.

होझुवरची फेरी आज नावाड्यांचीच संघटना चालवते. तिकिटाचे पैसे तिच्याकडे येतात, नवा माणूस तिच्याकडे शिकतो, पाणी किती चढले म्हणजे फेरी बंद करायची हे ती ठरवते. ही गोष्ट सांगायला सोपी, पण किंमत मोजून टिकलेली आहे. मार्च २०२३ मध्ये तिथे एक नाव खडकावर आदळून उलटली आणि दोन नावाडी मृत्यू पावले. प्रवासी वाचले. अनेक महिने फेरी बंद राहिली, सुरक्षेचे नियम बदलले आणि मग ती पुन्हा सुरू झाली. नदी ओळखणाऱ्या हातांकडूनही असे घडते. न ओळखणाऱ्या हातांचे काय होईल, हे मला बोलायचेही नाही.

आमच्या जलाशयाचा तळ कोणाला ठाऊक आहे? पाण्याखाली जुनी धार आहे, डोह आहेत, खडक आहेत, उठलेल्या गावांची देवळे आणि विहिरी आहेत. ही माहिती कोणत्याही कार्यालयात जशीच्या तशी मिळणार नाही. सर्वेक्षणाच्या नकाशात खोली मिळेल. कोणत्या महिन्यात वारा कुठून वळतो आणि लाट कुठे उभी राहते हे मिळणार नाही. ते साठीच्या पुढच्या काही ढिवरांकडे आहे. त्यांची मुले मासेमारीसाठी पाण्यावर जातात, पण काहींनी नागपूर गाठले आहे.

मागच्या हिवाळ्यात मी जलाशयावरच्या एका इंजिनाच्या बोटीत बसलो. चालवणारा पोरगा चुणचुणीत होता, सर्वांना जॅकेट घालायला लावत होता, ते बरेच वाटले. मी त्याला विचारले, नदीची मूळ धार कुठून जात होती? त्याला माहीत नव्हते. त्याचा दोष नाही, तो तेव्हा जन्मलाही नव्हता. बोटीत मागे एक म्हातारे ढिवर बसले होते, पोराचे आजोबा. त्यांनी हात लांब करून दाखवले. "त्या बाजूनं होती धार, गुरजी. अन् तो काडं झाड दिसते ना, त्याच्या खाली उतार होता." काळे झाड म्हणजे पाण्यात वाळून उभा राहिलेला बुंधा. त्या उतारावरून त्यांनी लग्नाची वरात पार केली होती. कोणत्या गावची, कोणत्या साली, नवरदेव घाबरून डोंग्यात कसा खाली बसला, सगळे सांगितले. पोराने बोटीचे इंजिन बंद केले होते. तोही ऐकत होता.

काठाला लागल्यावर मी डायरी काढली. त्यांनी एकेका डोहाचे आणि उताराचे नाव सांगायला सुरुवात केली, कोणता कोणत्या गावाचा आणि तिथे डोंगा कोणाच्या घरचा असे. मी लिहीत गेलो. अंधार पडला तेव्हा सतरा नावे झाली होती. अजून अंभोऱ्यापर्यंतची राहिली आहेत, असे ते म्हणाले. पोरगा म्हणाला, पुढच्या वेळी तो बोटीतून एकेका जागी घेऊन जाईल, म्हणजे जागा मोबाइलवर नोंदवता येईल. धान कापून झाले की जायचे ठरले आहे.